मीठ घडवा, मीठ मोडा!

मीठ बनवता येतं! समुद्राशिवाय, मिठागराशिवाय, एका चंचुपात्रात! आणि बनवलेलं मीठ विजेनं पुन्हा मोडताही येतं! दहावीतल्या भाच्याच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभं राहून हे पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलो आहे.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या या खोऱ्यात विहिरीचं पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, भांड्यांना पांढरे थर धरतात. क्षार म्हटलं की आमच्या कपाळाला आठ्याच. त्याच क्षारांत एवढी नवलाई असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

सरांनी सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले. काय तो गुलाबी रंग! जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं आपलं लोणार सरोवरच आठवलं. तिथला रंग खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता, इथला फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा. मग ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब पडू लागलं. रंग फिका, आणखी फिका, आणि एका थेंबाला एकदम नाहीसा! दोन्ही कातडी भाजणारी द्रव्यं, आणि दोघांच्या भेटीतून निघालं काय? मीठ आणि पाणी! किती आम्ल लागलं ते टिपून मुलांनी दर्शकाशिवाय तेवढंच पुन्हा मिसळलं, पाणी आटवलं. बशीत पांढरंशुभ्र मीठ उरलं.

तेवढ्यात दुसऱ्या टेबलावर मोरचूद! संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी आपण पोत्यानं आणतो ना, तेच. कॉपर ऑक्साइडची काळी पूड कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळली, द्रावण निळं झालं. ते गाळून, थोडं आटवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तळाशी निळे, कडा असलेले स्फटिक! एक स्फटिक तापवला तर पांढरा पडला; पाण्याचा थेंब टाकताच पुन्हा निळा. तो रंग टिकतो स्फटिकात दडलेल्या पाण्यामुळे, हे किती सुंदर आहे!

आणि मग वीज. कोरड्या मिठातून बल्ब लागेना. ऊर्ध्वपातित पाण्यातूनही लागेना. मीठ त्या पाण्यात विरघळवलं आणि बल्ब उजळला! मिठातले सोडिअमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन घट्ट बांधलेले असतात; पाण्यात ते मोकळे होतात आणि वीज वाहून नेतात.

आता कळस ऐका. त्याच मिठाच्या द्रावणात ग्रॅफाइटच्या दोन कांड्या बुडवल्या आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडली. ऋणाग्राशी हायड्रोजनचे बुडबुडे, धनाग्राशी क्लोरिनचा उग्र वास. फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर ऋणाग्राभोवती गुलाबी ढग! म्हणजे मीठ बनवताना संपलेलं सोडिअम हायड्रॉक्साइड विजेनं परत मिळवून दिलं! कारखान्यांत कॉस्टिक सोडा याच तत्त्वावर बनतो. मोरचुदाच्या द्रावणात तर ऋणाग्रावर तांब्याचा लाल थर चढला. जितकी वीज वाहील तितकाच धातू साचतो, हा हिशेब मायकेल फॅरेडेनं १८३० च्या दशकात मांडला. तो हिशेब आमच्या तालुक्यातल्या टेबलावर आजही चुकत नाही!

आणि हा विषय बुलढाण्याचा नाही तर कुणाचा? लोणारच्या पाण्यात सोडिअमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड आहेत. तिथल्या परिसरात काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो, ही नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पापडी, दल्ला, भुसकी अशी क्षारांची नावं त्या काठावर रुळलेली होती.

म्हणून शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे: हे प्रयोग फळ्यावर उरकू नका, मुलांच्या हातून करून घ्या. डोळ्यांना चष्मा, खिडक्या उघड्या, क्लोरिन विषारी म्हणून प्रयोग मिनिटभराचाच, आणि वीज फक्त बॅटरीची. घरातल्या प्लगची कधीही नाही. आणि पालकहो, शाळेत विचारा, प्रयोगशाळेचं कुलूप कधी उघडतं? उघडेल त्या दिवशी तुम्हीही जा.