बुक्का आणि प्लेटलेट

आमच्याकडे कुणी अंथरूण धरलं की डॉक्टरच्या आधी अंगारा पोचतो. लोणंद-फलटण रस्त्यावरचं गाव आमचं. माउलींची पालखी दरसाल दारावरून जाते, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. अशा मुलखात बुक्का, तुळशीचं पान आणि पंढरपूरच्या चुरमुऱ्यांची पुडी औषधांच्याच डब्यात सापडायची. माझ्या बायकोला ब्लड कॅन्सर निघाला, एएमएल, आणि आम्ही परळला टाटात आलो, तेव्हा रिपोर्टांच्या फाइलीला खेटून चार देवस्थानांचे अंगारे पिशवीत होते.

किमो सुरू व्हायच्या आधी सिस्टरने काय काय चालणार नाही ते सांगितलं. फुलं नकोत. तुळस नको. घरी विरजलेलं दही नको, कोशिंबीर नको. उघड्यावरचा प्रसाद तर नकोच नको. सात दिवस एक औषध शिरेतून अखंड चालतं, त्यातले तीन दिवस जोडीला दुसरं. तिथले सगळे त्याला ‘सेव्हन प्लस थ्री’ म्हणतात. रोगट पेशींबरोबर कामाच्या पेशीही मरतात आणि पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात, की एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेली बुरशीसुद्धा जिवावर बेतू शकते. थोडक्यात, आमची श्रद्धा ज्या ज्या रूपात हातात धरता येते, ती सगळी रूपं दाराबाहेर राहिली.

नातेवाईक हिरमुसले. मला मात्र वाटतं, त्या मनाईने आमच्या भक्तीचं भलंच केलं. हातातली पुडी गेल्यावर माणसाला विचार करावा लागतो, की मग आता द्यायचं काय?

माझ्या बहिणीने पाठवलेला बुक्का मी, सिस्टरला विचारून, माझ्याच कपाळाला लावू लागलो. कोपरापर्यंत हात धुवायचे, मास्क चढवायचा आणि आत जायचं. मास्कच्या वर माझे डोळे आणि तो काळा टिळा, एवढंच तिला दिसे. तोंड आल्यामुळे तिला बोलणं अवघड झालेलं. खायच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या करून ती हळूहळू शब्द काढी. एकदा म्हणाली, “अहो, आजारी मी अन् बुक्का तुम्हाला?” त्या आठवड्यातलं तिचं तेवढंच लांब वाक्य. ठेच्याशिवाय घास न उतरणारी ही बाई तेव्हा मीठ घातलेली तांदळाची पेज चमच्याने घेत होती आणि तीही निम्मी परत येत होती. पेज मी करायचो, परळमधल्या आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत. गिरण्या चालू होत्या तेव्हा एकेका खोलीत पाळ्या लावून माणसं झोपायची. आता तिथे मुलाखतीला आलेली पोरं उतरतात आणि आमच्यासारखे पेशंटवाले.

प्लेटलेट धडधाकट माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. दहा हजारांच्या खाली गेल्या की बाहेरून चढवाव्याच लागतात. तिच्या पायांवर लाल टिपके उमटले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ‘एसडीपी’, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट, हा शब्द आमच्या घरात आला. दात्याच्या हातातून रक्त निघतं, मशिन त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून उरलेलं रक्त त्याला परत देतं. तास-दीड तासाचं काम. भरलेली पिशवी पाच दिवसांच्या वर टिकत नाही आणि तेवढे दिवसही ती हलत्या फळीवर ठेवावी लागते. त्यामुळे साठा करून ठेवू म्हटलं तर जमत नाही. दर वेळी नवा माणूस उभा करावा लागतो.

माणसं दिली ती दिंडीने. आमच्या अंगणात गिरणगावातली एक दिंडी दुपारच्या जेवणाला थांबते. 1982 च्या संपानंतर हळूहळू गिरण्या गेल्या, दिंडी राहिली. कामगारांची पोरं आता कुणी डिलिव्हरीला, कुणी बँकेत. हिच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन ती मोठी झालेली. विणेकरी बुवांनी एक फोन केला आणि पोरं रक्तपेढीत हजर! एकाची शीर बारीक निघाली. एकाने आदल्या दिवशी डोकं दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन घेतलेली, तो परत गेला. आणि सगळ्यांत दांडगा गडी बाद झाला, कारण त्याने नुकताच दंडावर विठोबा गोंदवून घेतला होता. रोगाच्या संसर्गाच्या भीतीने ताज्या गोंदणाला काही महिने थांबवतात. “देवानेच घात केला, मास्तर,” म्हणून तो हसला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मेहुण्याला घेऊन आला.

बुवांचं वय दात्यात बसत नव्हतं. त्यांनी माझं जेवण अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी हरिपाठ आटोपला की विचारायचे, “मास्तर, तुम्ही जेवलात का?” पेशंटची चौकशी करणारे शंभर भेटतात. पेशंटच्या नवऱ्याला हा प्रश्न फार थोडे विचारतात.

सल्ले देणारे मात्र उदंड होते. कुणी पपईच्या पानांचा कच्चा रस सांगे, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना! त्यांचा राग आला नाही, माया होती त्यात. राग आला तो “मागच्या जन्मीचं असेल काहीतरी” असं तिच्या उशाशी येऊन म्हणणाऱ्यांचा. एकीला मी सरळ बाहेर जायला सांगितलं. आजारी माणसाच्या पदरात पाप घालायला देवाचं नाव वापरणं मला तरी निंदेसारखंच वाटतं.

हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं, त्या टाटांच्या घरातही हे दुखणं आलं होतं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने, म्हणजे ब्लड कॅन्सरनेच गेल्या. तेव्हा यावर बरं करणारं औषधच नव्हतं. सर दोराबजींनी पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने ट्रस्ट काढला आणि काही आठवड्यांत तेही वारले. दोराबजींच्या स्वतःच्या नावाच्या, वेगळ्या ट्रस्टने परळचं हे हॉस्पिटल उभारलं, 28 फेब्रुवारी 1941 ला ते सुरू झालं. पैशाला तोटा नसलेला नवरा, तरी बायकोच्या उशाशी त्याच्याही हाती काही नव्हतं. ओपीडीच्या गर्दीत केसपेपर घेऊन बसलो की मला हा नवरा हटकून आठवायचा.

मी पांडुरंगाकडे काय मागायचो? ‘हिला बरी कर’ म्हणायचा धीर रात्री होत नसे, विशेषतः ताप शंभराच्या वर गेला की. मग मी लहान लहान मागण्या करी. उद्या एक ए पॉझिटिव्ह मिळू दे, जाड शिरेचा. सकाळच्या रिपोर्टात काउंट थोडा चढलेला दिसू दे. पेज पोटात राहू दे. यातल्या बऱ्याचशा पुऱ्या झाल्या. त्या देवाने केल्या की दिंडीतल्या पोरांनी, या वादात आम्ही दोघंही पडत नाही.

सध्या ती रेमिशनमध्ये आहे. किमोची पुढची आवर्तनं झाली, तपासण्या चालू राहतील आणि दर तपासणीच्या आदल्या रात्री आमच्या घरात कुणी झोपत नाही. यंदा पालखीला तिने अंगणात खुर्ची टाकून बसल्याबसल्या पिठलं करवून घेतलं आणि सुनेला मीठ कमी पडल्याचं सुनावलं.

तुमच्या ओळखीचं कुणी अशा वॉर्डात असेल, तर जरूर जा. अंगारा घरी ठेवा, आधी फोन करून रक्तगट विचारा, पेशंटजवळ असणाऱ्यासाठी डबा न्या. आणि प्लेटलेट द्यायच्या असतील, तर आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.