डाव्या पायाचा हिशोब

आमची डिझेल पिकअप आम्ही ऑटोमॅटिकची मॅन्युअल करून घेतली, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "उलटं म्हणायचंय का तुला?" उलटं नाही. शहरातले लोक क्लच दाबून कंटाळले म्हणून ऑटोमॅटिक घेतात आणि आम्ही पैसे मोजून तिसरं पेडल बसवून घेतलं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. इकडे पिकअप म्हणजे मॅन्युअलच. कांदा, दूध, कडबा, वेळ पडली तर वऱ्हाडसुद्धा त्यातच. ऑटोमॅटिक पिकअप ही हौशी लोकांची गाडी. आम्ही ती सेकंडहँड घेतली, कारण अण्णांचा डावा गुडघा अपघातानंतर नीट वाकत नाही. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. त्या गाडीच्या जिवावर अण्णा तीन वर्षं करंजी घाटातून नेप्तीच्या कांदा बाजारात स्वतः जात होते, कुणाच्या पाया न पडता.

मग गाडी घसरायला लागली. रेस दिली की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र हलायची नाही. गिअरबॉक्सचं तेल काळं पडलेलं, जळका वास येत होता. नगरमध्ये (कागदावर आता अहिल्यानगर) लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पण आमच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडणारा माणूस काही आम्हाला सापडला नाही. नवीन बसवायचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीला भिडत होता.

मिस्त्री म्हणाले, "ताई, मॅन्युअल करून टाका. क्लच प्लेट तिसगावातबी भेटती. बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू व्हती. ह्या खोक्याला धक्का मारून काय उपेग?"

हे बरोबरच होतं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तिथे ताकद तेलातून पुढे जाते. त्यामुळे धक्का मारला तरी चाकं इंजिनाला फिरवत नाहीत.

पण "करून टाका" म्हणण्याइतकं काम सोपं नव्हतं. त्याच मॉडेलच्या, अपघातात गेलेल्या मॅन्युअल गाडीचा गिअरबॉक्स शोधला. टॉर्क कन्व्हर्टर ज्या पातळ प्लेटवर बसतो ती काढून जड फ्लायव्हील बसवलं. त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक छोटं बेअरिंग, ज्यावर नव्या गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकतो. पेडल, मास्टर सिलिंडर, तेलाचा पाइप. प्रोपेलर शाफ्ट त्या मॅन्युअल गाडीचाच घ्यावा लागला, कारण लांबी जुळेना. आणि सगळं बसल्यावर गाडी चालूच होईना! लिव्हर 'पी' किंवा 'एन'वर आहे हे कळल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, आणि आता तो लिव्हरच नव्हता. ते वायरिंग आणि कॉम्प्युटर मॅन्युअलप्रमाणे करून घ्यायला वेगळा माणूस लागला.

तुम्ही असं काही करणार असाल तर पान्याआधी कागद काढा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीने ठरवलेल्या माहितीशी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरटीओत विचारायचं, विमा कंपनीला लेखी कळवायचं. आम्ही दोन्ही केलं.

एवढ्या सगळ्यात एक हिशोब कुणी मांडत नव्हतं. आम्ही जे पेडल बसवत होतो, नेमकं तेच अण्णांना दाबता येणार नव्हतं. गाडी मिस्त्रीच्या हातातली होणार आणि अण्णांच्या हातातून जाणार. मी ते बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, "कांदा चाळीत सडण्यापेक्षा मी बसलेलो बरा." आणि विषय संपवला.

आता गाडी मी चालवते. टू-व्हीलरच्या लायसन्समध्ये गिअरची, बिनगिअरची असा फरक असतो, चारचाकीला तसा नसतो. माझं लायसन्स होतं, क्लचची सवय नव्हती. ती घाटात लागली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत, हे अण्णांनी शेजारी बसून शिकवलं. शिकवताना त्यांचा डावा पाय रबरी मॅटवर थोडासा दाबला जायचा. मी पाहिलं, बोलले नाही.

आमच्याकडे 'दणकट गाडी' म्हणजे गावात दुरुस्त होणारी गाडी. हा निकष खोटा नाही. बाजाराच्या दिवशी उभी राहिलेली गाडी कितीही आधुनिक असली तरी कांद्याला उपयोगाची नाही. पण ज्याला ती चालवायची त्याचं शरीर त्या निकषात कुठेच मोजलेलं नसतं. दोन पाय धड आहेत असं गृहीतच धरलेलं असतं.

सध्या अण्णा मोबाइलवर जुन्या एएमटी कार बघतात. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून रुळलेला हा प्रकार: आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र. म्हणजे डाव्या पायाचं काम यंत्राकडे, आणि गिअर मिस्त्रीच्या ओळखीचे. मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी मान हलवली, "गिअर मी बघीन अण्णा. यंत्राचं तेवढं शिकावं लागन."

अण्णा म्हणाले, "मग शिका की. मी थांबलोय."