हातच्या कांकणाला

अंगावरचा टॅटू सर्वांत देखणा दिसतो तो पहिल्या दिवशी. रेघ नुकतीच ओढलेली, शाई काळीभोर, भोवतालची कातडी लालसर आणि किंचित फुगलेली, त्यामुळे काळा आणखीच उठतो. फोटो काढतात तो त्याच दिवशी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वरची कातडी पापुद्र्यांनी निघून जाते, रंग थोडा खाली बसतो आणि मग वर्षानुवर्षं रेघ रुंदावत जाते. ते सहसा कोणी दाखवत नाही. मोबाइलवर आपण जी मनगटं आणि खांदे पाहतो ते बहुतेक ताज्या जखमेचे फोटो असतात.

माझ्या भाचीला हे माझ्या आधीपासून ठाऊक आहे. ‘ताजे नाही मामा, हील झालेले फोटो पाहायचे असतात,’ हे तिनंच मला सांगितलं. तिची सगळी निवड त्या पडद्यावर चालली आहे. कोण हातमोजे घालतो, कोण सुईचं पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडतो, कोणाची रेघ वळणावर थरथरते, हे ती दोन बोटांनी चित्र मोठं करून बघते. एक जण धरमपेठेतला आहे, एक सदरमधला, एक पुण्याचा, जो मधूनमधून नागपूरला येतो. ‘हे पाहा न, याचं काम किती साफ आहे.’ मी पाहतो. साफ आहेच.

तिला काढायची आहे ती माझ्या आईच्या हातावरची तुळस. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर. वृंदावनाचा चौकोन, त्यातून निघालेली उभी काडी, दोन्ही अंगांना ठिपक्यांच्या फांद्या आणि खाली एक विंचू. मला कळायला लागलं तोवर ठिपके एकमेकांत मिसळले होते. रंग काळा नव्हताच, हिरवट निळा होता. विंचवाची नांगी कुठे संपते ते कोणालाच सांगता येत नसे. आई भिवापूरकडची. तिचा एकच फोटो असा आहे, ज्यात ती अंगणात मिरचीचे देठ खुडत बसली आहे आणि हात कॅमेऱ्याकडे वळलेला आहे. भाची तो फोटो सगळ्यांना पाठवते.

आईच्या तोंडी एक म्हण सारखी असे: हातच्या कांकणाला आरसा कशाला? अलीकडे ती माझ्या डोक्यातून जात नाही. डोळ्यांसमोर आहे त्याला पुरावा नको, एवढाच तिचा अर्थ, आणि तो कोणालाही कळतो. पण म्हणीत कांकणच का? नथ का नाही? नथ नाकात असते, ती घालणारीला आरशाशिवाय दिसत नाही. कर्णफुलंही नाहीत. अंगावरचे बरेचसे दागिने घालणारीपेक्षा समोरच्यालाच जास्त दिसतात. कांकण तेवढं घालणारीला स्वतःला दिवसभर दिसतं, पीठ मळताना, पाणी शेंदताना. मला वाटतं ही म्हण एखाद्या बाईनंच केली असावी, आरशात नथ सारखी करता करता हाताकडे लक्ष गेलेल्या.

गोंदणाचंही तसंच. आईच्या कपाळावर एक ठिपका होता आणि हनुवटीवर तीन. ते आमचे होते, आम्ही ते रोज पाहत होतो. तिला ते आरसा समोर धरला तरच दिसत. तुळस मात्र तिची स्वतःची होती. तिच्यासाठी आरसा लागत नव्हता.

मी काम करतो त्या कळमन्याच्या बाजाराच्या आवारात या म्हणीचं हिंदी रूप जास्त ऐकू येतं, ‘हाथ कंगन को आरसी क्या’, आणि लगेच पुढचं फारसीचं यमक. त्यातली आरसी म्हणजे अंगठ्यात घालायची अंगठी, खड्याच्या जागी छोटा आरसा बसवलेली. म्हणजे कांकण आणि आरसा एकाच हातावर, चार बोटांच्या अंतरावर! अंगठा जरा वळवला की बाईला आपला चेहरा दिसे. हे कळल्यापासून म्हण मला आणखी अवघड वाटते. आरसा हाताशी असताना ती बाई म्हणते आहे की या एका गोष्टीसाठी मला त्यात बघायचं नाही. भाचीच्या अंगठ्याखाली काच आहे, ती त्यातून दुसऱ्यांचे हात बघते आणि त्यावरून स्वतःच्या हाताचं ठरवते. तिला दुसरा मार्गही नाही. त्या कारागिराचा हात तिनं अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

आईनं कोणालाच निवडलं नव्हतं. सुगी झाली की गोंदणारीण गावात यायची, झाडाखाली बसायची. आजीनं ज्वारी मोजून दिली, दोघींनी आईला धरलं, आणि काजळात बुडवलेल्या, एकत्र बांधलेल्या सुया टोचल्या गेल्या. वर हळद. आई तेव्हा परकर नेसायची, एवढंच तिला आठवत होतं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात गोंडांमधल्या ओझा या गटाविषयी लिहिलं आहे, त्यांच्या बायका गोंदायचं काम करत. आईची गोंदणारीण त्यांतली होती की आणखी कोणी, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. तिचं नाव तर तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत भरलेले होते, असं आई सांगायची. जे पाहायचं ते लोकांनी त्या हातांवरच पाहायचं. आणि ते हात तिच्याइतकेच जुने होते, म्हणजे रेघ पुढे कशी होते हेही त्यांच्यावर दिसत होतं.

पाहून घेणं म्हणजे काय, याचं जे थोडंफार मला कळतं ते बाजारातलं. मी कळमन्यात एका अडतियाकडे हिशेब लिहितो. मिरचीच्या दिवसांत आवारात शिरलं की घसा आधी धरतो, मग डोळे. घेणारा येतो आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो. वरची मिरची तो बघतच नाही, वरची सगळीच लाल असते. आतून मूठभर काढतो आणि दाबतो. वाळलेली असेल तर मूठ उघडताच ती पुन्हा फुलते. वजनासाठी पाणी मारलेलं असेल तर दबलेलीच राहते. मग एक कानाशी हलवतो, बी वाजतं का पाहतो. एक मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो, ठसका लागला तर मान हलवतो. हे सगळं एका श्वासात होतं. संत्र्याच्या ढिगाशी वेगळं. तिथे फळ दाबून साल किती सुटली ते बघतात आणि ढिगाच्या पोटात बारीक चुरी किती दडली आहे याचा अंदाज घेतात. आंबिया बहाराचा माल असेल तर एक नजर, मृगाचा असेल तर दुसरी. 2016 मध्ये राष्ट्रीय कृषी बाजार सुरू झाला तेव्हा मालाचा नमुना तपासून आकडे पडद्यावर यायचे आणि दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्यानं तिथूनच बोली लावायची, असं ठरलं. कल्पना चांगली आहे, शेतकऱ्याला चार गिऱ्हाइकं जास्त मिळावीत हे मलाही हवं आहे. पण आमच्याकडे येणाऱ्यांना अजून पोत्यात हात घातल्याशिवाय चैन पडत नाही.

तरीही मी पाहत आलो आहे, हात घालून झाल्यावर शेवटी लोक विश्वास ठेवतात तो माणसावरच. शंभर पोती कोणी फोडत नाही. दोन-चार फोडतो आणि बाकीची अडतियाच्या तोंडाकडे बघून घेतो, कारण उद्या सकाळी तो त्याच गाळ्यात बसलेला असणार आहे. गोंदणारीणही पुढच्या सुगीला परत येणार होती. रामटेकच्या जत्रेत मशीन घेऊन बसणारा, अक्षरामागे पैसे घेणारा माणूस मात्र दुसऱ्या दिवशी तिथे नसे, आणि तरी बायका त्याच्याकडून नवऱ्याचं नाव गोंदून घेत. जे तोंडानं घ्यायचं नाही ते हातावर. म्हणजे परत भेटण्याच्या भरवशावरही काही फार बेतलेलं नसावं. मिरची वाईट निघाली तर पुढच्या खेपेला भाव पाडता येतो. कातडीची पुढची खेप नसते.

त्या जत्रेतल्या मशीनचं मूळ एडिसनच्या विजेच्या लेखणीत आहे. 1876 चं तिचं अमेरिकन पेटंट. ती कागदाला बारीक भोकं पाडायची, म्हणजे त्या कागदावरून शाई फिरवून एका पत्राच्या अनेक नकला काढता येत. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं 1891 मध्ये त्याच तत्त्वावर गोंदायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हे यंत्र मुळात नकलांसाठी जन्मलं होतं, आणि भाचीला नक्कलच हवी आहे. पण कशाची?

आई लहान होती तेव्हाच्या तुळशीची, की आम्ही पाहिलेल्या तुळशीची? पहिली आमच्यापैकी कोणी पाहिलेलीच नाही. फ्रान्समध्ये मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की टोचलेली शाई कातडीतल्या पेशी गिळून बसतात. त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. रेघ जागेवर राहते ती अशी, एकीनं टाकलेलं दुसरीनं उचलत. माणसाच्या अंगातही असंच होत असेल, तर आईच्या हातावरची तुळस तिच्या जन्मभर कितीतरी वेळा सुटली आणि धरली गेली. मला ओळखीची आहे ती त्यातली शेवटची, पसरलेली.

धरमपेठेतला मुलगा फोनवर म्हणाला, मी रेघ स्वच्छ ओढून देतो, पसरवायचं काम वय करेल. सदरमधला म्हणतो, बारीक ठिपक्यांनी मी ती आजच जुनी करून देतो, आजीच्या हातावर होती तशीच. दोघांचंही मला पटलं. पहिल्यानं आणखी एक विचारलं, की पोलीस किंवा सैन्याच्या भरतीची तयारी चालली आहे का? सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं, इतरत्र फक्त परंपरेनं गोंदणाऱ्या आदिवासींना मुभा आहे. आमच्याकडची पोरं पहाटे रस्त्यानं धावतात, त्यांतल्या कितीजणांना हे कोणी आधी विचारलं असेल? त्या एका प्रश्नानं मला तो मुलगा आवडला. पण प्रश्न चांगला विचारणाऱ्याचा हात चांगला असतोच असं नाही, हे मला बाजारानं शिकवलं आहे.

आणि हे सगळं मनात चाललेलं असताना भलतंच आठवलं. आई माझ्या शाळेत यायची तेव्हा पदर डाव्या हातावर ओढून घ्यायची, मनगटापर्यंत. मी ती सवय समजत होतो. मास्तरांसमोर हात झाकावासा वाटत होता का तिला? मेल्यावर बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असंही तीच सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज काही दुखावलेला नसे. दोन्ही तिचंच. तुळस तिला हवी होती की नाही, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही. भाची मात्र हजार हात पाहून, कारागीर पारखून, आपल्या मर्जीनं तीच खूण मागते आहे. आजीची तुळस निवडून घेतली तर ती आजीची राहते का, मला सांगता येत नाही. पदराचं भाचीला सांगावं की नाही, तेही ठरत नाही. तिनं सदरवाल्याकडे निम्मे पैसे भरून तारीख घेतली आहे, आणि धरमपेठेतल्याला अजून नाही म्हटलेलं नाही.