शिशाचा आर

एक्स-रेच्या खोलीत सगळ्यात लहान चणीचा आणि सगळ्यात कमी बोलणारा गडी म्हणजे आर. उंची अंगठ्याच्या नखाएवढी, अंगावर प्लॅस्टिकचा अंगरखा, पाठीला चिकटपट्टीचे जुने थर. आतला देह मात्र शिशाचा. जन्मभर त्याला एकच अक्षर बोलता येतं आणि त्या अक्षराचा अर्थही एकच : ही रुग्णाची उजवी बाजू. जोडीदार एल डावी बाजू सांभाळतो. काही ठिकाणी दोघांच्या शेजारी टेक्निशियनच्या नावाची आद्याक्षरंही शिशातच बसवलेली असतात, म्हणजे फोटो कोणी काढला हेही फोटोतच नोंदलं जातं.

शिसं हा क्ष-किरणांशी मुळीच न जमणारा धातू. अणुक्रमांक 82. फुप्फुसातल्या हवेतून किरण सहज निघून जातात, तिथे फोटो काळा येतो. हाडांतलं कॅल्शियम त्यांना बरंच अडवतं, म्हणून हाडं पांढरी दिसतात. आरपुढे किरणांचं काही चालत नाही. टेक्निशियनच्या अंगावरचा जड अॅप्रन याच कुळातला. तो किरण अडवून माणसाला जपतो, हा किरण अडवून अक्षर उमटवतो.

पहिल्या काळात आर नव्हता. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनना हे किरण सापडले आणि त्याच वर्षी 22 डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटातली अंगठी हाडांपेक्षा ठळक उमटली आहे. धातू किरणांना अडवतो हे त्या चित्रात स्वच्छ दिसतं, पण हात डावा की उजवा हे चित्र सांगत नाही. ते उलटं करून धरा, दुसरा हात तयार. आरची गरज इथेच सुरू होते.

नवख्या माणसाला आर पहिल्यांदा चक्रावून टाकतो. छातीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला की ‘उजवी बाजू’ म्हणणारा आर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. शरीरशास्त्राने एक माणूस कल्पिला आहे : ताठ उभा, तोंड समोर, हात अंगालगत, तळवे पुढे. खरा रुग्ण पालथा असो, कुशीवर असो की स्ट्रेचरवर, त्याच्या देहाच्या दिशा या उभ्या माणसावरून ठरतात आणि फोटो वाचताना तोच आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरतात. डॉक्टर कितीही मोठा असला तरी इथे त्याचा उजवा हात जमेस धरत नाहीत. उजवं म्हणजे रुग्णाचं उजवं. आर या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही.

सकाळी त्याची ड्यूटी बहुतेक छातीच्या फोटोपासून सुरू होते. ‘मंगळसूत्र काढून ठेवा. छाती इथे टेकवा. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. श्वास घ्या… धरा… सोडा.’ हा पीए, म्हणजे किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडणार. खांदे पुढे घ्यायला लावतात ते पाठीवरचे फरे फुप्फुसांच्या आड येऊ नयेत म्हणून. किरण सोडणारी ट्यूब साधारण 180 सेंटिमीटर दूर असते आणि छाती कॅसेटला, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पाटीला, टेकलेली, म्हणून पुढच्या बाजूला असलेलं हृदय जवळजवळ खऱ्या मापाचं उमटतं. या वेळी आरलाही कॅसेटकडे तोंड करून पालथं चिकटवतात. फोटो वाचताना रुग्ण समोर तोंड करून आहे असा तो फिरवला जातो, तेव्हा हा सरळ वाचता यावा. एपीला, किरण छातीतून शिरणार असतील तेव्हा, आर उताणा. रुग्ण जसा, तसा तो. फोटोत तो आरशातल्यासारखा उलटा दिसला तर एक तर फोटो उलटा लावलाय, नाही तर चिकटवणाऱ्याचं लक्ष नव्हतं.

उभं राहता येत नाही अशा रुग्णाकडे यंत्रच चाकांवरून वॉर्डात जातं. रुग्ण उताणा, कॅसेट पाठीखाली, फोटो एपी. भिंतीपासून हात जितका लांब तितकी त्याची सावली मोठी. इथे हृदय कॅसेटपासून दूर आणि ट्यूब जवळ, म्हणून निरोगी हृदयही फुगलेलं वाटतं. ‘एपी, सुपाइन’ असं कुणी नोंदवलं नाही तर वाचणारा हृदय वाढलंय असं समजून बसायचा. आरला बाजू कळते, रुग्ण उभा होता की आडवा हे कळत नाही. आरसारख्या काही मार्करांच्या पोटात मात्र बारीक गोळ्या असतात. उभ्या रुग्णाच्या फोटोत त्या खाली घरंगळतात, त्यावरून तेही समजतं.

उभं की आडवं, याला रोगनिदानात फार किंमत आहे. जठराच्या व्रणाला भोक पडलं की हवा पोटात सुटते. रुग्ण उभा असेल तर ती श्वासपटलाखाली काळ्या कोरीसारखी जमते. उताण्या फोटोत ती सहज निसटते. उभं करणं शक्य नसेल तर रुग्णाला थोडा वेळ डाव्या कुशीवर निजवून किरण जमिनीला समांतर सोडतात आणि हवा यकृताच्या वर येऊन दिसते. याला डेक्युबिटस म्हणतात. फुप्फुसाभोवतीचं थोडंसं पाणी शोधायचं तर दुखरी बाजू खाली ठेवतात, पाणी पसरून थर दाखवतं. लॅटरल म्हणजे बाजूने घेतलेला फोटो, त्याचं नाव कॅसेटला टेकलेल्या बाजूवरून पडतं. छातीचा लॅटरल शक्यतो डावा, कारण हृदयाचा मोठा भाग डावीकडे. ऑब्लिक म्हणजे तिरका, त्यातही कॅसेटजवळचा कोपरा नावात येतो. सगळी परिभाषा शेवटी दोनच प्रश्न विचारते : किरण कुठून आले आणि देह कसा होता?

आरचा खरा मान हातापायांच्या फोटोत. छातीत निदान हृदय असतं, पोटात जठरातली हवा असते, बाजूचा अंदाज तरी बांधता येतो. गुडघ्यात तसं काहीच नाही. नुसत्या गुडघ्याच्या फोटोवरून उजवा की डावा हे खात्रीने सांगणारा तो एकटा. हाड मोडल्याची शंका असली की काटकोनातले दोन फोटो लागतात, कारण एका बाजूने सरळ दिसणारं हाड दुसऱ्या बाजूने सरकलेलं निघू शकतं. दोन्हींत आरची हजेरी लागतेच. कोपरापुढच्या हाताचा एपी काढताना तळवा वर करायला सांगतात, नाही तर दोन हाडं एकमेकांना ओलांडून जातात. खुब्याच्या फोटोत पावलं 15 ते 20 अंश आत वळवतात, म्हणजे मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीने दिसते. हे सगळं नीट जमलं आणि आर तेवढा चुकीच्या पायाशी पडला, तर त्या सुबक फोटोवरून सर्जन चांगला पाय उघडू शकतो.

आर स्वतःहून खोटं बोलत नाही, पण त्याला खोट्या जागी बसवता येतं. कधी तो दुखऱ्या जागेवरच बसतो आणि नेमकं पाहायचं ते झाकतो. कधी किरणांची हद्द दाखवणारा प्रकाशाचा चौकोन लहान केल्यावर बाहेर राहतो. गर्दीच्या दिवशी कुठल्यातरी खिशात हरवतो. आता संगणकावर अक्षर नंतर टाइप करता येतं, मग हा कशाला, असं विचारणारे आहेत. टाइप केलेलं अक्षर टेक्निशियनच्या आठवणीतून येतं, एकामागून एक रुग्ण होऊन गेल्यावरच्या आठवणीतून. शिशाचा आर त्या क्षणी त्या देहाशेजारी होता आणि त्याच किरणांनी उमटला. म्हणून या व्यवसायातली शहाणी माणसं टाइपवर भागवत नाहीत.

त्याची कसोटी क्वचित लागते. फोटोत हृदय उजवीकडे झुकलेलं दिसतं. रेडिओलॉजिस्ट आधी हृदयाकडे नाही, आरकडे बघतो : शिशाचा आहे ना, सरळ आहे ना, टेक्निशियनने स्वतः लावलाय ना? तिन्हींचं उत्तर हो आलं आणि जठराची हवाही उजवीकडे निघाली, तर मामला उपजत उलट्या अवयवांचा. सोनोग्राफीत यकृतही डावीकडे सापडतं आणि रिपोर्टात तसं नोंदलं जातं. पुढे केव्हा त्या माणसाच्या पोटात डाव्या बाजूला कळा आल्या, तर सर्जन अपेंडिक्स तिथेच शोधतो.