डावीकडचा समास

दोनशे पानी वही, डावीकडे दोन बोटं समास आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख. ऐंशीच्या दशकात साताऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत कुठल्याही विषयाची सुरुवात अशी व्हायची. आज मुलं ज्यांना नोट्स म्हणतात, त्या आम्हाला तयार मिळत नसत. बाई फळ्यावर मुद्दे लिहायच्या आणि पान आम्ही भरायचं.

इतिहासाच्या बाईंनी १८५७च्या उठावाची कारणं सहा शब्दांत लिहून दिली होती: राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, तात्कालिक. बाकी धडा घरी वाचायचा आणि कुठलं वाक्य कुठल्या शब्दाखाली जातं ते आपण ठरवायचं. डलहौसीने १८४८ साली दत्तक नामंजूर करून सातारचं राज्य खालसा केलं, हे राजकीय कारणात बसवताना माझा हात थांबला होता. रोज ज्या राजवाड्यावरून शाळेत जायचे, त्याच्या नावाची ओळ पुस्तकात होती. पण राज्य गेल्यावर तिथल्या शिपायांचं, कारकुनांचं काय झालं असेल? ते आर्थिक कारणात लिहायचं का? त्या एका प्रश्नापायी मी धडा पुन्हा वाचला. परीक्षेत तो प्रश्न आला की नाही ते आता आठवत नाही, सहा कारणं मात्र क्रमाने आठवतात.

भूगोलाचे सर वेगळे. ‘भौगोलिक कारणे द्या’चं उत्तर उतरवून झालं की समासात आपल्या गावची एक ओळ लिहायची, अशी त्यांची शिस्त होती. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो? बाष्पाने भरलेले वारे घाटमाथ्यावर चढतात, थंड होतात, तिथेच बरसतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. वर्गात माणदेशातून आलेली, वसतिगृहात राहणारी एक मुलगी होती. तिने समासात लिहिलं होतं, ‘आमच्याकडे ढग येतात, पण थांबत नाहीत.’ सरांनी ती ओळ वर्गात वाचून दाखवली. पर्जन्यछाया मला त्या दिवशी कळली.

विज्ञानाच्या प्रयोगवहीत एक पान कोरं, एक रेघांचं. कोऱ्यावर पेन्सिलीने आकृती, रेघांच्या पानावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी काढताना भिंतीला भिंत लागून यायला हवी, नाहीतर बाई पान परत करायच्या. इंद्रधनुष्याच्या रंगांसाठी तानापिहिनिपाजा आणि वृत्तांच्या गणांसाठी यमाताराजभानसलगं ही आयती सूत्रं होती आणि ती सगळ्या महाराष्ट्राची होती. कविता मात्र आपापली वाचायची असायची. कुमारभारतीतल्या कवितेचं रसग्रहण कुणाचं कुणाशी जुळलं तर मराठीच्या बाईंना ते मुळीच आवडत नसे.

गाईडं तेव्हाही होती. नवनीत होतं, अपेक्षित प्रश्नसंच होते. पुण्याला जाणाऱ्याला अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणायला सांगितलं जायचं. सराव परीक्षेचे प्रश्न शाळा सायक्लोस्टाइल करून द्यायची. स्टेन्सिलवर टोचून लिहिलेली अक्षरं, शाईचा उग्र वास, आणि गठ्ठ्यातल्या शेवटच्या कागदांवर अर्धी ओळ गायब. पण या सगळ्याला पैसे लागत, आणि घरात दोन-तीन शिकणारी मुलं असली की गाईड थोरल्याचं, मग मधल्याचं, मग धाकट्याचं. त्यात भर पडे ती वहीच्या देवघेवीची. आजारी पडलेल्या मैत्रिणीला आपली वही द्यायची आणि ती परत येईपर्यंत जीव टांगणीला. परत आलेल्या वहीत कधी तिच्या हातची एखादी दुरुस्ती असायची, कधी ‘हे सरांनी नंतर असं सांगितलं’ अशी बारीक अक्षरातली नोंद.

माझी भाची यंदा पुण्यात दहावीला आहे. तिच्या फोनमध्ये सगळ्या विषयांच्या नोट्स आहेत. क्लासच्या वेगळ्या, शाळेच्या वेगळ्या, ग्रुपवर आलेल्या तर कुणाच्या आहेत तेही ठाऊक नाही. “आत्या, सगळं आहे माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडला की धड्याचं साहित्य समोर येतं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आम्ही वहीत हात काढून शिकलो. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं, अंगठा बलाचा. तीन बोटं एकमेकांना काटकोनात दाखवणं कागदावर कुणालाच साधायचं नाही. तिने व्हिडिओत हात फिरताना पाहिला आणि तिला ते लगेच कळलं. इथे आजचं साधन आमच्या वहीपेक्षा नि:संशय सरस आहे. माणमधल्या मुलीला तेव्हा साताऱ्याच्या वसतिगृहात यावं लागलं. आज निदान पुस्तकासाठी आणि चांगल्या शिकवणीसाठी तिला घर सोडावं लागणार नाही. हे मला मनापासून मोलाचं वाटतं. वह्यांच्या आठवणी कितीही गोड असल्या तरी त्या काळची टंचाई परत यावी असं मी म्हणणार नाही.

पण भाचीला मी विचारलं, यातलं तू काय गाळलंस? तिला प्रश्नच कळला नाही. गाळायचं कशाला, सगळंच ठेवायला जागा आहे. माझ्या मते हरवलंय ते इथे. बारा पानांच्या धड्याचं दीड पान करताना साडेदहा पानं सोडायची असतात, आणि काय सोडायचं हे ठरवायला आधी सगळं समजावं लागतं. ते ठरवण्याचं काम आता दुसऱ्याने करून दिलेलं असतं, मुलांच्या वाट्याला फक्त पाठ करणं उरतं.

शासनालाही हे जाणवलं असावं. २०२३-२४ साली दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली गेली. त्यांवर ‘माझी नोंद’ असं छापलेलं होतं. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा एक हेतू, मुलांनी वर्गातच आपलं काही टिपावं हा दुसरा. मुलं वह्या आणतच राहिली, पानांचा हवा तसा वापर झाला नाही, आणि २०२५मध्ये हा प्रयोग थांबवला गेला. मला त्याचं वाईट वाटलं. कल्पना चांगली होती. ‘समासात तुझ्या गावचं लिही’ असं म्हणणारं कुणी मात्र त्या पानाशेजारी उभं असायला हवं होतं.

आणि तरीही हाताने नोट्स काढणं संपलेलं नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. त्याआधी हा बदल पुढे ढकला म्हणून २०२३मध्ये याच मुलांनी पुण्यात आंदोलन केलं होतं, कारण वर्षानुवर्षं त्यांची तयारी पर्याय निवडण्याची होती आणि आता पानंच्या पानं लिहायची होती. यशस्वी उमेदवारांच्या हस्तलिखित नोट्सच्या झेरॉक्स आजही स्पायरल बांधून विकल्या जातात. पण ओळखीतला खटावचा एक मुलगा त्या घेऊन बाजूला ठेवतो. सिंचनाच्या प्रकरणाचं त्याने स्वतः एक पान केलंय, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, आणि कडेला आपल्या गावच्या बंधाऱ्यात कुठल्या वर्षी किती पाणी होतं त्याच्या नोंदी आहेत. त्या त्याला वडिलांनी फोनवरून सांगितल्या.