शेजाऱ्याची विहीर

सन 1998 च्या वसंतात, टेक्सासमधील डॅलस शहराच्या आग्नेयेस दीड तासाच्या अंतरावरील साडेसात एकर जमिनीचे खरेदीखत माझ्या हाती आले, तेव्हा नगर तालुक्यातील एका कोरडवाहू गावच्या, सातबाऱ्यावर अकरा नावे असलेल्या अडीच एकरांच्या या वारसाने आयुष्यात प्रथमच ‘माझे’ हा शब्द मनात कोणताही अपवाद न ठेवता उच्चारला. तिथे भावकीची सही लागली नाही, तलाठ्याकडे फेरफारासाठी खेटे घालावे लागले नाहीत, बांधावरून कुणी हरकत घेतली नाही. कागदावर सही केली आणि जमिनीसह तिच्या खालच्या पाण्याचाही मी मालक झालो. हे दुसरे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ते पुढे वकिलाने सांगितले.

अमेरिकेविषयी मला अगोदरपासूनच एक प्रकारचे ममत्व होते. आमच्या नगरात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचा वावर, त्यामुळे आमच्या आजीच्या तोंडी ‘अमेरिकन’ हा शब्द शाळा आणि दवाखाना यांच्या जोडीनेच येई. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, ही गोष्ट आमच्या वडिलांनी मला शालेय वयातच सांगितली होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज किंचित बदलत असे. त्या देशात पाऊल ठेवल्यावर पहिली काही वर्षे मी व्हिशाच्या दाव्याने एकाच कंपनीच्या खुंट्याला बांधलेला होतो हे खरे. नोकरी गेली तर घर, आजारपणाचा विमा आणि देशात राहण्याचा परवाना ही तिन्ही एका दिवसात जातील, ही धास्ती उशाशी घेऊनच झोपावे लागे, आणि तिचा उच्चार करणे हा मात्र आम्हा मराठी मंडळींत अपशकुन मानला जाई. पण एवढे सोसूनही एक लाभ असा होता की ज्याचे मोल मी आजही कमी लेखणार नाही. तेथे माझे आडनाव ऐकून कुणी माझे घर गावाच्या कोणत्या अंगाला असेल याचा हिशेब मनातल्या मनात मांडत नसे. ज्याने हा हिशेब कधी सोसला नाही त्याने अमेरिकन स्वातंत्र्याची चेष्टा जरूर करावी; मला ती करवत नाही.

जमीन घेतल्यावर मी तिच्यात पीकनची साठ झाडे लावली, घरासमोर हिरवळ केली, आणि एकशेऐंशी फूट बोअर घेऊन त्यावर दमदार पंप बसविला. ते वर्ष अवर्षणाचे होते. कोरडवाहूत वाढलेल्या माणसाला वाहत्या पाण्याचा जो हव्यास असतो तो सारा माझ्या हातून त्या उन्हाळ्यात बाहेर पडला, पंप रात्रंदिवस चालू राहिला, आणि ऑगस्टच्या अखेरीस एके संध्याकाळी पलीकडच्या जमिनीचा म्हातारा मालक हातात टोपी धरून माझ्या दाराशी आला. त्याने हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या, झाडांचे कौतुक केले, आणि मग अत्यंत अदबीने विचारले, की आपला पंप रात्रीसुद्धा चालतो का? त्याची चाळीस फुटी विहीर, जी त्याच्या वडिलांनी खोदली होती, आठवड्यापूर्वी कोरडी पडली होती.

मी काय केले? मी वकिलाला फोन केला. मराठी माणसाला वकिलाची भीती वाटते असे म्हणतात. परदेशी स्थायिक झाल्यावर ती भीती जाऊन तिची जागा सवय घेते. वकिलाने मला हसत हसत एक जुनी हकीकत ऐकविली. टेक्सासमधीलच डेनिसन गावी विसाव्या शतकाच्या आरंभी एका रेल्वे कंपनीने इंजिनांसाठी सहासष्ट फूट खोल विहीर खोदून तीतून दिवसाला 25,000 गॅलन पाणी उपसले. शेजारच्या ईस्ट नावाच्या गृहस्थाची घरगुती विहीर आटली. त्याने फिर्याद केली, आणि 1904 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फैसला दिला तो कंपनीच्या बाजूने. आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तितके काढण्याचा मालकाला हक्क आहे, शेजाऱ्याचे नुकसान झाले तरी त्याबद्दल भरपाई नाही. न्यायमूर्तींच्या युक्तिवादाचा एक भाग असा, की भूगर्भातील पाण्याची चाल इतकी गूढ आणि झाकलेली असते की तिच्याविषयी कायद्याचे नियम बांधणेच अशक्यप्राय आहे. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, आमच्या बाजूच्याच हेंडरसन परगण्यात बाटलीबंद पाण्याच्या एका कंपनीने दिवसाला 90,000 गॅलन उपसा चालविल्याविरुद्ध शेजाऱ्यांनी केलेला दावाही त्याच न्यायालयाने त्याच नियमाच्या आधारे फेटाळला. ती बातमी वर्तमानपत्रात वाचून मला सुटल्यासारखे वाटले, हे मी येथे लिहून ठेवतो, कारण ते लपविण्यासारखे आहे.

म्हाताऱ्याने दावा केला नाही. मी वकिलाचे म्हणणे शक्य तितक्या सौम्य शब्दांत त्याच्या कानी घातले, तेव्हा तो मान हलवून म्हणाला, “खरे आहे. जमीन तुमची, पाणी तुमचे. इट्स अ फ्री कंट्री.” त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता, असता तर मला बरे वाटले असते. तो पुढे दीड-दोन वर्षे पिकअपवर टाकी ठेवून गावातून पाणी आणीत राहिला, आणि मग एके दिवशी त्याच्या फाटकावर जमीन विक्रीची पाटी दिसली.

हे सारे मी विसरलो होतो, किंवा विसरलो असे समजत होतो. निवृत्त होऊन नगरला परतल्यावर गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या आतेभावाने हिवरे बाजारला चलण्याचा आग्रह धरला. नगरहून सोळा-सतरा किलोमीटर. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या हाडांत आहेत असे हे गाव. तेथली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला निघून गेलेली, डोंगर बोडके झालेले. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, आदर्श गाव योजनेतून आणि श्रमदानातून डोंगरउतारांवर सलग समतल चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले, आणि त्याबरोबरच गावाने आपण होऊन बंधने घातली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, पुढे शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी, उसाला बंदी, केळीला बंदी, गावची जमीन बाहेरच्याला विकण्यास बंदी. माझ्यासारख्याच्या कानाला ही यादी एखाद्या जप्तीच्या पंचनाम्यासारखी लागली. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली गेली, त्या जिल्ह्यात पाणी असून ऊस लावायचा नाही?

रस्त्यालगतच्या एका विहिरीवर एक वृद्ध शेतकरी कांद्याच्या वाफ्याचे दार मोडीत होते. आतेभावाने त्यांना आण्णा म्हणून हाक मारली, आम्ही थारोळ्याच्या कडेला टेकलो. मी विचारले, “आण्णा, विहीर तुमची, जमीन तुमची, मग किती पाणी घ्यायचे हे गावाने का सांगावे?”

“विहीर माझी,” ते म्हणाले, “पानी कुठं माझंय? ते डोंगरावरनं येतं, समद्यांच्या खालनं जातं. पाऊस सरला की गाव बसतं. पाऊस किती झाला ते मोजलेलं असतं, विहिरींचं पानी मोजलेलं असतं. आधी माणसाला, मग जनावराला, मग उरंल ते पिकाला. कमी असंल तर उन्हाळी पीक नाय घ्यायचं. मंग कुनीच नाय घ्यायचं.”

डेनिसनच्या खटल्यातील न्यायमूर्तींनी ज्याला गूढ म्हटले होते, त्या पाण्याचा ताळेबंद येथे पर्जन्यमापकाच्या आणि निरीक्षण विहिरींच्या आकड्यांवर दरसाल मांडला जात होता. गंमत अशी, की कायद्याच्या कागदावर टेक्सास आणि हिवरे बाजार यांत अंतर नाहीच. 1843 च्या एका इंग्रजी निवाड्याचा आधार त्या अमेरिकन फैसल्याने घेतला. आपल्याकडे इंग्रजांनीच केलेल्या 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमानेही, ठरीव प्रवाहाने न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. एकाच बापाची ही दोन लेकरे. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा. या गावाने आपला हक्क त्याच्या कितीतरी आधी गावापुढे ठेवून दिलेला होता.

तथापि हिवरे बाजारची आरती ओवाळून परतण्याइतका मी भाबडा नाही. नसबंदीसारखा शब्द गावाच्या नियमांत कुऱ्हाडबंदीच्या पंगतीला बसलेला पाहून मी दचकलो. लग्नापूर्वी एचआयव्हीची तपासणी सक्तीची, हे ऐकून माझ्यातील अमेरिकन नागरिक उठून उभा राहिला, आणि अजून तो पुरता बसलेला नाही. नव्व्याण्णव घरांनी मिळून घेतलेला निर्णय शंभरावे घर कशाच्या बळावर नाकारणार, हा प्रश्न आमच्या घराण्याने गावकीत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. मी आण्णांना हे जरा फिरवून विचारले. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

“चराईबंदी झाली तव्हा आमच्या आठ शेळ्या व्हत्या,” ते म्हणाले. “इकाव्या लागल्या. आई दोन दिस जेवली न्हाई. कुनाला काय गेलं ते समद्यांनी पाह्यलं. आमच्या दारात येऊन बसले व्हते लोक.”

शेळ्या गेल्या त्या गेल्याच. त्यांची भरपाई झाली असे आण्णा म्हणाले नाहीत, मीही विचारले नाही. परंतु माझ्या मनात त्या क्षणी जे आले ते शेळ्यांविषयी नव्हते. माझ्या साठ पीकनच्या झाडांसाठी पलीकडच्या घराने काय दिले हे पाहायला कुणी त्याच्या दारात जाऊन बसले नव्हते. मीही नाही, आणि माझे घर तर सर्वांत जवळचे होते.

मग, का कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला टेक्सासची सारी हकीकत सांगितली: बोअर, वकील, टोपी हातात धरलेला म्हातारा. आतेभावाला ती प्रथमच कळत होती. आण्णांनी मध्ये एकदाही हुंकार दिला नाही. वाफा भरला तसे त्यांनी फावड्याने दार बांधले, पुढचे मोडले, आणि पाठमोऱ्यानेच विचारले, “मंग त्यो म्हातारा गेला कुठं?”

पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना खरे ते सांगितले, की मला ठाऊक नाही. पाटी लागल्यानंतर काही महिन्यांनी फाटक बंद दिसले, एवढेच.