अठ्ठ्याहत्तर फेरे

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन पंचवटीतल्या वाड्याच्या माळ्यावरून खाली काढला, तेव्हा तबकडी फिरत होती, पण जणू उपकार केल्यासारखी. मिनिटाला फेरे भरले ७०. भद्रकालीतल्या एका घड्याळजींनी यंत्र उघडले. कमानीच्या डब्यातले ग्रीस वाळून खडीसारखे झाले होते. रॉकेलने धुऊन, ग्राफाइटचे ग्रीस भरून त्यांनी कमान पुन्हा गुंडाळली. (हातातून सुटली तर बोट नेते, हे त्यांनी मला दोनदा बजावले.) उरला वेग. तबकडीच्या कडेखाली कागदाचा कपटा अडकवून, घड्याळ लावून मी फेरे मोजत राहिलो आणि गव्हर्नरचा स्क्रू फिरवत ते ७८वर आणले. आठ फेऱ्यांचा हा फरक कानाला जवळजवळ एका पूर्ण स्वराचा पडतो.

नवी सुई लावून द. वि. पलुसकरांची तबकडी ठेवली. १९२१ साली नाशकात जन्मलेला हा गायक १९५५मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी गेला. आमच्या घरात मात्र ते कायम वयस्क, घनगंभीर गायचे. तो जडपणा म्हणजेच त्यांची प्रगल्भता, असे मी वर्गातही सांगत आलो. वस्तुतः तो वाळल्या ग्रीसचा होता. आता तीन मिनिटे एक तरुण गात होता.

आई शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "हे ते नव्हेत रे."

मी काहीच बोललो नाही. तिच्यासाठी स्क्रू फिरवून वेग पुन्हा ७०वर नेला आणि चावी दिली.